जिना, जेकार्ड आणि कूर्मदास

संपादकांचा फोन आला तेव्हा विषय एका शब्दात सांगितला गेला: ‘निर्माण’. पुराणातल्या विश्वकर्म्यापासून आजच्या थ्रीडी प्रिंटरपर्यंत काय हवं ते लिहा, पण पुण्या-मुंबईच्या चकचकीत प्रयोगशाळा नकोत, एवढीच अट. मी सोलापूर म्हटलं. तिथे काय आहे, असं त्यांनी विचारलं. चादर आहे, म्हटलं, आणि चादरीच्या आधीची भोकं आहेत.

भोकांकडे येतोच. आधी शुक्रवार पेठ. जुन्या सोलापुरातल्या वारांच्या पेठांपैकी ही एक. गल्ल्या अरुंद, ओटे उंच, जिने उभे. काही जिन्यांना कठडाच नाही, वरून सोडलेला दोर धरून चढायचं. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले की ओट्याची एखादी पायरी गडप होते. पायानं अधू असलेल्यांची या गल्ल्यांत नकळत झालेली सोय तेवढीच. एकाच बोळात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी कानावर पडते आणि भांडण पेटलं की चारही एकदम.

इथे मला पाहायचा होता मेकरस्पेस, म्हणजे समाईक कारखाना. एकेकट्याला न परवडणारी यंत्रं एका ठिकाणी ठेवायची, येईल त्यानं वापरायची, ज्याला येतं त्यानं दुसऱ्याला शिकवायचं. गेल्या काही वर्षांत त्याचा अर्धा भाग पडद्यावर गेला. आराखडा ब्राउझरमध्ये करायचा, अडलं तर दुसऱ्या गावच्या कुणाला फाईल दाखवायची आणि वस्तू जिथे यंत्र असेल तिथे छापून घ्यायची. याला आभासी मेकरस्पेस म्हणतात. माहितीपत्रकांत त्याचं वर्णन ‘सर्वांसाठी खुलं’ असं असतं. ‘सर्व’ या शब्दात कोण कोण बसतं, ते पाहायला मी जिना चढलो.

अव्वांची कात्री

घर पहिल्या मजल्यावर. आजी, तिला घरात सगळे अव्वा म्हणतात, आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला तिचा नातू. घरची भाषा तेलुगू, शाळेची मराठी, नातवाच्या लॅपटॉपची इंग्रजी. “बसा की ओ, पाणी प्या आधी. हा जिना माणूस मारतोय,” अव्वा म्हणाल्या. त्या स्वतः या जिन्यावरून सहसा उतरत नाहीत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ बघायचा होता, तेव्हा दोघांनी धरून खाली नेलं होतं.

अव्वांची हयात विड्या वळण्यात गेली. सोलापुरात हे बायकांचं काम, त्यातही तेलुगू भाषक विणकर घरांतल्या बायकांचं. पुरुष मागावर आणि बायका विडीवर, अशी कित्येक घरांची वाटणी होती. मांडीवर सूप. त्यात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. पत्र्याचा छोटा साचा पानावर ठेवायचा, त्याच्या कडेनं कात्री फिरवायची, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर. हजारामागे हजार वेळा कात्री.

संधिवातानं बोटं वाकली, पण वळणं अजून जमतं, कारण ते काम पेरांचं आहे आणि पेरांना ते पाठ आहे. अडतं ते कात्रीशी. अंगठा कडीत शिरत नाही, शिरला तर निघत नाही. डॉक्टर म्हणाले, काम सोडा. अव्वांनी डॉक्टर सोडला.

नातवानं ठरवलं की कात्रीला मूठ करायची. दोन्ही कड्यांवर बसतील अशा दोन नळ्या आणि मध्ये लवचीक कमान. मूठ आवळली की कात्री मिटेल, सोडली की कमानीच्या ताणानं आपोआप उघडेल. अंगठ्याचं काम तळहातावर. कल्पना त्याची नव्हे. अधू हातांसाठी अशा कात्र्या कधीपासून मिळतात. पण त्या कागद कापण्याच्या असतात आणि तेंदूचं पान कागदासारखं वागत नाही.

माप घ्यायला अव्वांना प्रयोगशाळेत घेऊन ये, असं त्याला सुचवलं गेलं. जिना, रिक्षा, परत जिना. त्यानं वेगळाच मार्ग काढला. पोळ्यांच्या कणकेतला गोळा अव्वांच्या मुठीत दिला आणि म्हणाला, दाब. गोळ्यावर वाकडी बोटं जशीच्या तशी उमटली. पट्टी शेजारी ठेवून त्यानं चारी बाजूंनी फोटो काढले. मग गोळा परत परातीत गेला, त्याची पोळी झाली. आजीच्या मुठीचा आकार आता लॅपटॉपमध्ये होता.

माझ्या दृष्टीनं सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चतुर भाग हाच, आणि त्यात संगणक कुठेच नव्हता.

भोकांची भाषा

पडद्यावरची वस्तू ही सोलापूरला नवलाई वाटायचं कारण नाही. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली. गिरण्या पुढे बंद पडल्या, पण माग घराघरांत आणि वसाहतींमध्ये टिकले. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर ज्या मागावर विणतात, त्याच्या डोक्यावर जेकार्ड बसवलेलं असतं. फ्रान्समधल्या जोसेफ जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेलं हे यंत्र. मोर, वेल, कमळ जे काही चादरीवर उमटायचं ते आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात. प्रत्येक चौकोन म्हणजे ताण्याचा एक धागा आणि बाण्याचा एक फेरा यांची गाठभेट. मग चौकोनांवरून जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. एका फेऱ्याला एक पट्टी. भोक असेल तिथे सुई आत जाते, आकडा धागा उचलतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो आणि धोटा त्याच्यावरून निघून जातो.

म्हणजे मोर विणला जाण्याआधी भोकांमध्ये पूर्ण झालेला असतो. पट्ट्यांची ती माळ दुसऱ्या मागावर टांगली की तिथेही तोच मोर. विणणाऱ्याला चित्र काढता यायला नको आणि चित्र काढणाऱ्याला माग चालवता यायला नको. १८३० च्या दशकात चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्राचा आराखडा केला तेव्हा त्यानं भोकांच्या पट्ट्या जॅकार्डकडूनच उचलल्या. संगणकाच्या वंशावळीत हे नाव तेव्हापासून आहे. आता अनेक ठिकाणी पुठ्ठे जाऊन इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं, नक्षी पेन ड्राइव्हवरून जाते. हेतू तोच: आराखडा एका जागी, हात दुसऱ्या जागी.

पण मागाचा खटका, आवाज, उंची, वेग सगळं एका ठरावीक शरीरासाठी बेतलेलं होतं. दोन पाय, दोन हात, तीक्ष्ण नजर आणि आठ-दहा तास उभं राहण्याची ताकद. ज्याच्यात यातलं काही कमी, त्याला कांड्या भरायला बसवायचं. आराखडा पट्टीवर गेला तरी कारखान्याचं दार होतं तसंच राहिलं.

पडद्यावरच्या कारखान्याचीही गत तीच. टिंकरकॅड हे २०११ मध्ये सुरू झालेलं आणि दोन वर्षांनी ऑटोडेस्कनं विकत घेतलेलं संकेतस्थळ शाळकरी मुलांमध्ये फार लोकप्रिय. ठोकळे ओढा, जोडा, भोकं पाडा. पैसे लागत नाहीत. लागतो माऊस, तो अचूक धरणारा हात आणि पडदा पाहणारे डोळे. केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशननं २०१६ पासून शाळांना टिंकरिंग प्रयोगशाळा दिल्या, एकेका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान. अनेक मुलांची थ्रीडी आराखड्याशी पहिली गाठ तिथेच पडते. दिसणाऱ्या मुलाची पडते. शेजारी अंध मूल बसलं असेल, तर ते ‘काय चाललंय रे’ असं विचारत राहतं.

आकडे ऐकणारा माणूस

नातू आधी टिंकरकॅडवरच होता. फाईल तपासायला ज्या ऑनलाइन गटात टाकली, तिथल्या एका सभासदानं त्याला दुसऱ्या रस्त्याला लावलं. तो सभासद लातूरकडचा, पूर्ण अंध. मी त्या घरी होतो तेव्हा दोघांचा फोन झाला. पलीकडे त्याच्या संगणकाचा आवाज चालू होता, इतका भरधाव की मला एक शब्द लागेना. त्याला सगळं लागत होतं.

तो जे ऐकत होता ते एनव्हीडीए. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा हा कार्यक्रम मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये लिहायला घेतला, जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याला येऊन मिळाला आणि दोघांनी तो जगाला फुकट दिला. मराठीही वाचतो. एनव्हीडीएला पडद्यावरचा थ्रीडी आकार वाचता येत नाही, लिहिलेलं वाचता येतं. म्हणून हा सभासद ओपनएससीएडी वापरतो. त्यात वस्तू ओढूनताणून करायची नसते, लिहायची असते. अमुक लांबीचा ठोकळा, त्यातून तमुक व्यासाचं नळकांडं वजा, की झालं भोक. आज्ञा आणि आकडे, बस. साध्या नोटपॅडमध्ये लिहिलं तरी चालतं.

नातवाच्या आकड्यांवर तो पहिल्याच वाचनात थांबला. “बाहेरचा व्यास सव्वीस धरलायस, आतला चोवीस. भिंत एक मिलिमीटर उरली. आजींनी एकदा दाबलं की फुटणार.” नातवानं पडद्याकडे पाहिलं. नळी चांगली दणकट दिसत होती, कारण त्यानं ती मोठी करून ठेवली होती. चित्र मोठं केलं की भिंत जाड दिसते. आकडा मोठा करून पाहायची सोय नसते.

उलट बाजूही आहे. तयार झालेला आकार कसा दिसतो, हे त्या सभासदाला कळत नाही. पूर्वदृश्याची खिडकी त्याच्यासाठी भिंत आहे. कमान बाहेर वळली की आत, हे त्यानं नातवाला विचारलं आणि नातवानं शब्दांत सांगितलं. वस्तू छापून हातात आली की त्याची खात्री पटते, तोवर दुसऱ्याचे डोळे उसने. नातवाला त्याचे कान लागतात. शिबिरांच्या बातम्यांत ‘दिव्यांगांना मदत’ असा मथळा असतो. या फोनला तो मथळा कसा द्यायचा, मला समजेना.

लुई ब्रेलची गोष्ट इथे आठवणं भाग आहे. वडिलांचा धंदा घोड्यांच्या खोगिरांचा. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कारखान्यात आरीशी खेळताना डोळ्याला इजा करून बसला, पुढे दुसरा डोळाही गेला. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यानं ठिपक्यांची लिपी बेतली आणि ते ठिपके कागदावर उठवायचं साधन त्या आरीच्याच कुळातलं. कारखान्यानं जे नेलं ते कारखान्याच्याच हत्यारानं वेगळ्या रूपात परत मिळवलं. मात्र यासाठी कोणी त्याला ‘बरं’ केलं नाही.

देवांचे कारखाने

मार्कंडेयाचा विषय अव्वांनी काढला. विणकरांच्या पद्मशाली समाजात सांगतात की देवांना वस्त्र नव्हतं. मार्कंडेयाचा मुलगा भावना ऋषी यानं विष्णूच्या नाभीतून उगवलेल्या कमळाच्या देठातून धागा काढला आणि पहिलं कापड विणलं. कमळाच्या देठातून खरोखर धागा निघतो, म्यानमारमधल्या इनले सरोवराकाठी तो आजही विणतात. पण अव्वांचा रस वेगळ्या गोष्टीत होता. “ऋषी एकटा विणल का ओ? कांड्या भरणारं कोण होतं, ते पोथीत न्हाई.”

सोलापूरचं ग्रामदैवतही घडवणाऱ्यांतलं. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनी तळं खोदलं, ६८ लिंगं स्थापली. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात संत अल्लमप्रभू सोन्नलिगेला, म्हणजे सोलापूरला, येतात आणि हा माती-दगड उपसणारा सिद्धराम कुठे आहे, असं डिवचून विचारतात. खोदकामावरचे भक्त चिडून त्यांच्यावर दगड टाकतात. ग्रंथाचा कल अल्लमांकडे: तळी खोदून मुक्ती मिळत नाही. गावानं मात्र तळ्याची बाजू घेतली. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत आजही सिद्धरामाच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो. तिला योग्याशी लग्न करायचं होतं, त्यानं दंड पुढे केला. कुंभाराच्या लेकीचं लग्न लाकडाच्या दांड्याशी लावणारं गाव हत्यारांना कमी लेखणार नाही, एवढं नक्की.

विश्वकर्म्याच्या कथांत मला सगळ्यात आवडते ती सूर्याची. ती मार्कंडेय पुराणातही येते. विश्वकर्म्याची मुलगी संज्ञा सूर्याला दिली. त्याचं तेज तिला सोसेना, ती सावली मागे ठेवून निघून गेली. मग सासऱ्यानं जावयाला फिरत्या शाणेवर चढवलं आणि त्याचं तेज तासून काढलं. त्या चुऱ्यातून विष्णूचं चक्र, शंकराचा त्रिशूल, कार्तिकेयाची शक्ती. लक्षात घ्या, संज्ञेला कोणी सांगितलं नाही की डोळे मिटून घे, सवय कर. ज्याचा त्रास होत होता त्याला तासलं.

या सूर्याचा सारथी अरुण. महाभारतात विनतेनं उतावीळपणे एक अंडं वेळेआधी फोडलं, आतलं बाळ कमरेखाली घडलंच नव्हतं. त्यानं आईला शाप दिला आणि तो सूर्याच्या रथावर जाऊन बसला. मांड्या नसलेला, म्हणून अनूरू. त्याला पाय फुटले नाहीत, कोणत्याही वरानं नाहीत. लगाम हातात असतात, पायांचं तिथे काही काम नव्हतं. काम नीट निवडलं की उणीव बाजूला पडते, हे सांगायला अख्खं आकाश वापरलं आहे.

ग्रीकांचा लोहार देव हेफेस्टस लंगडा. होमरच्या इलियडमध्ये त्यानं स्वतःसाठी सोन्याच्या दासी घडवल्या आहेत. त्यांना बुद्धी आहे, वाचा आहे, आणि चालताना त्या त्याला आधार देतात. शिवाय चाकं लावलेल्या तिवया, आपोआप देवसभेत जातात, आपोआप परततात. स्वतःचा पाय मात्र त्यानं दुरुस्त केला नाही, जगातला सर्वोत्तम कारागीर असून. दुसरीकडे ऋग्वेदात अश्विनीकुमार विश्पलेला, रात्रीच्या लढाईत तुटलेल्या पायाच्या जागी, धातूची जंघा बसवतात. (विश्पला ही बाई की घोडी, यावर पंडितांचा वाद आहे. जंघा धातूची, यावर नाही.) आणि पुरीच्या जगन्नाथाच्या कथेत तर कारागीरच दार बंद करून बसतो. म्हातारा सुतार २१ दिवस मागतो, राजाराणीला धीर धरवत नाही, दार उघडतं, मूर्तीचे हातपाय राहून जातात. त्या अपुऱ्या मूर्तीचीच पूजा चालते. पुरी करून द्या, अशी मागणी कोणी केलेली नाही.

पाबळ आणि बाहेर

महाराष्ट्रात मेकरस्पेसची मुळं शोधायची तर शिरूर तालुक्यातल्या पाबळला जावं लागतं. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतली संशोधकाची नोकरी सोडून तिथल्या माळावर आले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांनी हातानं करत शिकायचं: वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज. अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शनफेल्ड जगभर फॅब लॅब काढू लागले, तेव्हा एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये याच दुष्काळी गावात आली. कारण सरळ होतं. यंत्र नवं होतं, पण ‘गरज दिसली की करून बघ’ ही सवय पाबळला आधीच लागलेली होती.

कारखाना विखुरला तर काय होतं, ते २०२० च्या टाळेबंदीत दिसलं. मुंबईत २०१३ मध्ये वैभव छाब्रा यांनी सुरू केलेल्या मेकर्स असायलमनं चेहऱ्यावरच्या संरक्षक पडद्याचा आराखडा खुला केला आणि ४२ गावा-शहरांतल्या लोकांनी मिळून ४९ दिवसांत १० लाख पडदे बनवले. एकमेकांना न भेटता. घराबाहेर पडता न येणं ही स्थिती तेव्हा सगळ्यांची होती, म्हणून सगळी व्यवस्था झटपट लागली. अव्वांची ती स्थिती आधीपासून होती आणि नंतरही राहिली.

कृत्रिम हातांच्या बाबतीतली प्रसिद्ध गोष्ट ई-नेबलची. दक्षिण आफ्रिकेतला सुतार रिचर्ड व्हॅन आस याची बोटं २०११ मध्ये कामावर तुटली. अमेरिकेतल्या आयव्हन ओवेननं नाटकी पोशाखासाठी केलेल्या यांत्रिक हाताची चित्रफीत त्याला दिसली. दोघांनी समुद्रापलीकडून ईमेल आणि स्काइपवर आराखडा घडवला, नंतर दोघांकडे प्रिंटर आले, फाईल इकडून तिकडे जाऊ लागल्या. बोट नसलेल्या लहान मुलासाठीचा हात झाला तेव्हा त्यांनी तो मालकीहक्क न घेता खुला सोडला. २०१३ मध्ये जॉन शुल यांनी ई-नेबल हे स्वयंसेवकांचं जाळं उभं केलं. ज्यांच्याकडे प्रिंटर आहे आणि ज्यांना हात हवा आहे त्यांची गाठ घालून देणारं. कौतुक करावं तेवढं थोडं, पण हेही सांगायला हवं की छापलेला प्लास्टिकचा हात नाजूक असतो, पकड मर्यादित, आणि पुष्कळ मुलं काही दिवसांनी तो कपाटात ठेवतात. एका हातानं बुटाची नाडी बांधायला शिकलेलं मूल दोन हातांच्या लोकांची हौस किती दिवस पुरवणार? आपल्याकडचा जयपूर फूट टिकला, कारण १९६८ च्या सुमारास डॉ. प्र. क. सेठी आणि फारसं न शिकलेले कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांनी तो उकिडवं बसण्यासाठी, चिखलात चालण्यासाठी, अनवाणी वावरण्यासाठी घडवला. ज्याचं आयुष्य त्याच्याकडून आधी माप.

लऊळला कोण गेलं

सोलापूर जिल्हा ही विठ्ठलाची भूमी, तेव्हा या परिसरातल्या दोन संतकथा टाळून चालणार नाही.

पहिली शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबा कुंभारांची. शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडले. हात गेले, चाक थांबलं, घर कसं चालणार? तेव्हा विठ्ठल कुंभाराच्या वेशात नोकर म्हणून राहिला. मडकी घडवू लागला. शेवटी पंढरीच्या कीर्तनात गोरोबांचे हात परत फुटले. कीर्तनकार हात फुटण्याच्या प्रसंगाला टाळ्या घेतात. मला कथेचा मधला भाग महत्त्वाचा वाटतो, हात नसतानाचा. त्या काळात चाक बंद पडलं नाही, कारण दुसरं कोणी येऊन मालकाच्या सांगण्यावरून राबलं. मडकी गोरोबांचीच होती.

दुसरी कूर्मदासाची. पैठणचा, हातपाय नसलेला. पंढरपूरला निघाला, पोटावर सरपटत. माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत आला आणि पुढे रेटेना. वारकऱ्यांबरोबर त्यानं देवाला निरोप धाडला: मला येववत नाही. विठ्ठल निघून लऊळला आला. कुर्डुवाडीजवळच्या त्या गावी आज कूर्मदासाचं देऊळ आहे.

गोरोबाच्या कथेत शेवटी शरीर पूर्ववत होतं. कूर्मदासाच्या कथेत होत नाही. तिथे हलतो तो देव. आपल्या योजनांचा, देणग्यांचा, वर्तमानपत्री फोटोंचा सगळा जीव पहिल्या कथेत अडकला आहे. हात द्या, पाय द्या, श्रवणयंत्र द्या, हार घालून द्या. दुसऱ्या कथेत फोटो काढण्याजोगं काही नाही. एक माणूस आहे तिथे पडून आहे आणि देऊळ चालत त्याच्याकडे आलं आहे. कणकेचा गोळा अव्वांच्या मुठीत गेला, तेव्हा जे घडलं ते या दुसऱ्या जातीचं होतं. आभासी मेकरस्पेसला अर्थ असलाच तर तो इथे आहे, आणि त्यासाठी त्याला आधी स्वतःच्या पायऱ्या मोजाव्या लागतील. माऊसची पायरी, इंग्रजीची पायरी, चित्राशिवाय काही न सांगणाऱ्या धड्यांची पायरी.

कायदा याच दिशेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून २१ केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं सरकारला बजावलं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या प्रकरणात मुद्दा बँकेच्या ओळख-तपासणीचा होता, कॅमेऱ्यासमोर पापणी लवून दाखवा असं सांगणाऱ्या. पापणी लववता न येणारा माणूस जिवंत असतो, एवढं यंत्राला शिकवायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं.

उन्हातलं प्लास्टिक

मूठ शेवटी कशी झाली ते सांगतो. नातवाच्या वर्गमित्राकडे होटगी रोडला प्रिंटर आहे. फाईल इकडून गेली, मूठ तिकडे छापली, संध्याकाळी मित्र स्कूटरवरून घेऊन आला. पीएलए नावाचं प्लास्टिक, मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून होतं, छापायला सोपं. पण साधारण ६० अंशांना ते मऊ पडू लागतं आणि उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन ४४-४५ च्या घरात जातं. पत्र्याखाली, खिडकीच्या कट्ट्यावर ते आणखी चढतं. पहिली मूठ दुपारभर कट्ट्यावर राहिली आणि तिची कमान लोळली. त्यानं पाहिलेल्या परदेशी व्हिडिओंमध्ये याचा उल्लेख नव्हता, तिथल्या खिडक्यांना असं ऊन माहीत नसावं. लातूरच्या सभासदानं पीईटीजी वापर म्हणून सांगितलं, ते जास्त उष्णता सोसतं. मित्राकडे त्याचं केशरी रीळ उरलं होतं.

केशरी रंगावर अव्वा नाराज. तंबाखूचे डाग दिसतील. शिवाय घामानं हात सरकत होता. नातवानं पृष्ठभागावर बारीक खाचा दिल्या, तर अव्वा म्हणाल्या, खाचांत तंबाखू बसते. मग त्यांनीच उपाय केला, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून मुठीवर गुंडाळली. फाईलमध्ये ही पट्टी नाही. नातू ती आराखड्यात कशी दाखवायची याच्या विचारात होता. मला वाटतं त्यानं खाली एक ओळ मराठीत लिहून ठेवावी, ट्यूब गुंडाळा म्हणून.

आम्ही बोलत असताना खालून एक शेजारीण जिना चढून आली. तीही विडीवाली, डावखुरी. मूठ हातात घेऊन उलटीपालटी केली. “माझ्या हाताला हे बसतंय का बे? उलटं करून दे की.” नातवानं आरशाची आज्ञा एका ओळीत टाकली, पडद्यावर मूठ डाव्या हाताची झाली. तो खूश. लातूरचा आवाज फोनवरून म्हणाला, “मूठ उलटली, पण कात्रीची पाती? ती उजव्या हाताचीच असणार. पान दुमडेल, कापणार नाही.” शेजारणीनं मान हलवली. तिला ते माहीत होतं, उजवीच कात्री डाव्या हातानं चालवत ती आयुष्यभर पान दुमडत आली होती. डावी कात्री सोलापुरात कोण घडवून देईल, यावर मग तेलुगूत बराच खल झाला. धार लावणाऱ्या एका म्हाताऱ्याचं नाव निघालं. तो आता फिरत नाही, त्याचे गुडघे गेलेत, त्याच्या घरीच जावं लागेल, असं ठरलं. नातवानं चप्पल घातली.